मांडवाबाहेरचा ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर: दहा दिवसांच्या पावसात कसा ठेवायचा?

दांडियाबाजार_मंडळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वडोद्यात दांडिया बाजारच्या एका गल्लीत आमचा सार्वजनिक गणपती बसतो. मांडवासाठी तात्पुरतं वीज कनेक्शन घेतलेलं आहे, पण पावसात लाइट गेली तर आरतीच्या वेळी अंधार नको म्हणून जनरेटर ठेवतो.

मशीन पेट्रोलचं, ३ केव्हीए, उघड्या चौकटीचं, दोरी ओढून सुरू होणारं. लोड असा: एलईडी माळा, १०० वॉटचे चार एलईडी फ्लड, दोन पेडस्टल पंखे आणि माइकचा ॲम्प्लिफायर. सगळं धरून १६०० वॉटच्या आसपास.

मांडव १५ बाय २० फुटांचा आहे. एका बाजूला वाड्याची भिंत, तिला खिडक्या. मागे वाड्याच्या जिन्याखाली चांगली कोरडी जागा आहे. रात्री राखणीला चार-पाच मुलं मांडवातच झोपतात. जोराची सर आली की गल्लीत घोट्याइतकं पाणी साचतं आणि तासाभरात ओसरतं.

विचारायचं ते असं: जनरेटर चालू असताना ताडपत्री गुंडाळली तर चालेल का? की समोरून उघडा प्लायचा खोका करावा? की सरळ जिन्याखाली ठेवावा? केबलचे जोड पावसात कसे सांभाळायचे? आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेली आहे आणि टेस्टचं बटण दाबलं की ती पडते. म्हणजे शॉकच्या बाजूने निश्चिंत राहायला हरकत नाही ना?

---

पन्हळी_पत्रा

आधी जिन्याखालचं. तिथे अजिबात ठेवू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो बाकीच्या वायूंचा, त्यामुळे वास येत नाही म्हणून हवा ठीक आहे असं धरून चालत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जागा असलेला माणूस उठून बाहेर तरी जाईल, झोपलेल्याला काहीच कळत नाही. मांडवात झोपणारी मुलं हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे, पाऊस त्यानंतर. जनरेटर मांडवापासून आणि वाड्याच्या खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, उघड्यावरच हवा. मुलं झोपायच्या आधी तो बंद झालेला बरा. रात्रभर समई आणि एक दिवा एवढंच लागत असेल तर बॅटरीवरचा एलईडी पुरतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो, तो मुलं झोपतात त्या बाजूला डोक्याच्या उंचीवर लावा.

दिशेचं सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो. म्हणून जनरेटर मांडवाच्या ईशान्येला आणि सायलेन्सरचं तोंडही ईशान्येला, मांडवाकडे पाठ. पण जुन्या गल्लीत वारा भिंतींवर आपटून वळतो. जिथे मशीन ठेवायचं ठरवाल तिथे दोन-तीन वेगवेगळ्या वेळी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. धूर वाड्याच्या खिडकीकडे जात असेल तर जागा बदला.

आता ताडपत्री. हे मशीन दोन टोकांनी हवा घेतं. दोरी ओढता त्या जाळीदार झाकणातून फ्लायव्हीलचा पंखा हवा ओढून सिलिंडरच्या फिनांवर सोडतो. दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, झाकणाला फटी असतात, त्यांच्या आत ब्रश आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) बसलेले असतात. ताडपत्री गुंडाळली की दोन्ही तोंडं बंद होतात, तापलेली हवा आतल्या आत फिरते आणि एव्हीआर जळतो. शिवाय आपली नेहमीची निळी-पिवळी ताडपत्री एचडीपीईची असते आणि ती १३० अंशांच्या आसपास वितळते. सायलेन्सर त्याच्या कितीतरी पुढे तापलेला असतो. पेट्रोलच्या टाकीशेजारी वितळतं प्लास्टिक नको. प्लायचा खोका समोरून उघडा ठेवलात तरी तेच, बाहेर फेकलेली गरम हवा तीन भिंतींमुळे परत आत ओढली जाते.

हवं ते वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या. छप्पर किती मोठं हे असं काढा: सोसाट्याच्या पावसात धार ४५ अंशांत आली असं धरलं, तर छपराची कड मशीनच्या माथ्यापासून जितकी वर, तितकंच छप्पर त्या बाजूला बाहेर निघालेलं हवं. तुमचं मशीन साधारण २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असेल. ते १ फुटाच्या ओट्यावर ठेवलं की माथा अडीच फुटांवर येतो. छपराची खालची कड साडेचार फुटांवर घेतली तर फरक २ फुटांचा, म्हणून चारी बाजूंना २-२ फूट बाहेर. म्हणजे पत्रा ६ बाय साडेपाच फुटांचा. छप्पर वर नेलं की ते मोठंही करावं लागतं, आणि मशीनच्या माथ्यापासून २ फुटांच्या आत आणलं की उष्णता अडते.

पन्हळी जीआय पत्रा वापरा. फायबरचा किंवा पॉलीकार्बोनेटचा सायलेन्सरवर नको. उतार ६ फुटांत १ फूट, आणि पाणी पेट्रोल भरायच्या बाजूला पडणार नाही असा. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खाली रबरी वॉशर घाला. खोलगट भागात मारलात तर तिथूनच गळतं. सांगाडा १ इंची चौकोनी पाइपचा पुरतो, पण प्रत्येक पायाशी ४०-५० किलोची वाळूची गोणी बांधाच. ६ फुटी पत्रा वाऱ्याने उचलला की माणसाला कापतो.

नैऋत्येच्या एकाच बाजूला पडदा लावता येईल, तोही मशीनपासून ३ फुटांवर आणि जमिनीपासून फूटभर वर सोडून. मांडवाचं कापड, झालर, कागदी सजावट यातलं काही ५ फुटांच्या आत नको.

ओटा विटांचा किंवा पेव्हर ब्लॉकचा करा. घोट्याइतकं पाणी म्हणजे ४-५ इंच, म्हणून १ फूट ठीक आहे. ओटा पाणसळीत घ्या. मशीन कललं की तेल कमी असल्याचा सेन्सर इंजिन बंद करतो आणि मग दोरी ओढून ओढून हात दुखतात, दोष मात्र कुठेच सापडत नाही. पायांखाली रबरी पॅड घाला, नाहीतर कंपनाने मशीन ओट्याच्या कडेकडे सरकत जातं.

---

वायरमनकाका

पत्र्याचं वरती नीट सांगितलंय, ते पूर्ण पाळा. मी वायरिंगचं सांगतो, कारण पावसात मांडवात माणूस दगावतो तो बहुतेक करंटने.

टेस्टचं बटण दाबून आरसीसीबी पडते यावर अजिबात विसंबू नका. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आत, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक रेझिस्टर जोडतं. अर्थिंगचा त्यात संबंधच नाही. अर्थिंग मुळीच नसली तरी बटणाने ती पडणारच. बटण फक्त आतली यंत्रणा चालते आहे एवढं सांगतं.

तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या जनरेटरचा न्यूट्रल चौकटीला जोडलेला नसतो, तरंगता असतो. म्हणजे फेज कुठे उघडी पडून मांडवाच्या लोखंडी पाइपला लागली तरी करंटला परत जायला वाट नाही, म्हणून आरसीसीबी गप्प. एकच मशीन एकाच उपकरणाला जोडलेलं असेल तर यात फारसा धोका नाही. पण तुमच्याकडे ओल्या माळा, फ्लड, पंखे असं सगळं मांडवभर पसरलेलं आहे. एका ठिकाणी फेज पाइपला लागली आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल ओला झाला, की मधला माणूसच तार होतो. आणि आरसीसीबीने पडावं अशी तेव्हा काही खात्री राहत नाही.

लायसन्सवाल्या वायरमनकडून हे करून घ्या. जनरेटरजवळ दीड ते दोन मीटरचा कॉपर-बाँडेड अर्थिंग रॉड पूर्ण ठोकायचा. त्याला जनरेटरच्या चौकटीवरच्या अर्थ बोल्टपासून ६ चौरस मिमीची हिरवी तांब्याची वायर. जनरेटरचा न्यूट्रल त्याच अर्थला एकदाच आणि एकाच ठिकाणी जोडायचा, आरसीसीबीच्या आधी. जोड आरसीसीबीच्या नंतर घेतला तर गळलेला करंट तिच्यातूनच परत जाईल आणि ती पडणारच नाही. मग दोन पोलची, २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच). मांडवाचे लोखंडी खांब आणि पत्र्याचा सांगाडा यांनाही त्याच अर्थिंगला जोडायचं.

खरी तपासणी अशी: मांडवातल्या शेवटच्या सॉकेटवर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १५ वॉटचा साधा पिवळा बल्ब लावायचा. २३० व्होल्टला तो ६५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ३० ची आरसीसीबी तत्क्षणी पडलीच पाहिजे. बल्ब पेटला आणि आरसीसीबी पडली नाही, तर ती खराब आहे किंवा चुकीची जोडलेली आहे. बल्बही पेटला नाही आणि ती पडलीही नाही, तर अर्थिंगची किंवा न्यूट्रलची वाट तुटलेली आहे. हे काम वायरमनचं, मंडळाच्या मुलांनी करायचं नाही.

तात्पुरत्या कनेक्शनकडून जनरेटरवर जाताना दोन पोलचा चेंजओव्हर (दोन पुरवठ्यांतला एकच निवडणारा स्विच) हवा, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. दोन्हीकडे नर पिन असलेली केबल करून सॉकेटमधून वीज आत ढकलणं हा प्रकार काही मांडवांत दिसतो. तसं केलं की वीज उलटी लाइनवर जाते आणि पावसात खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात येते.

---

दांडियाबाजार_मंडळ

दोघांचेही मनापासून आभार. जिन्याखालचं आजच रद्द केलं. काका, आमच्याकडे अर्थिंग रॉडच नाही, जनरेटर सरळ ओट्यावर ठेवतो. वायरमनला बोलावलं आहे. केबलबद्दल थोडं सांगाल का? मांडवापर्यंत २० मीटर होईल. सध्या घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड आहे, जोडावर टेप गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधतो.

---

वायरमनकाका

ती पिशवी आधी काढा. पिशवीत पाणी वरून शिरतं आणि तळाशी साठतं, म्हणजे जोड पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं होतं. साध्या इन्सुलेशन टेपचा डिंक ओल्याने सुटतो, टेपचे थर एकमेकांवरून सरकतात आणि केशिकेसारखं पाणी आत ओढतात.

केबल ३ कोअर, अडीच चौरस मिमी, तांब्याची लवचिक, अखंड २० मीटर, मध्ये जोड नाही. तुमच्या ७ अँपिअरला व्होल्टेज दोनच व्होल्टने उतरेल. टोकांना घरगुती पिन-टॉप नको, निळ्या रंगाचे १६ अँपिअरचे तीन पिनांचे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावा. साधारण आयपी ४४ चे मिळतात (आयपी म्हणजे पाणी-धूळ अडवण्याचा दर्जा), म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी सोसतात, पण फक्त पूर्ण बसवलेले असताना किंवा झाकण लावलेलं असताना. खाली पडून डबक्यात गेले तर आयपी ४४ उपयोगाचं नाही, त्याला आयपी ६७ लागतं. म्हणून जोड जमिनीवर नकोच, खांबाला ४ फुटांवर टांगा.

वाटप-पेटी आयपी ६५ ची घ्या आणि केबल ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या तोंडातून), खालच्या बाजूनेच आत न्या. प्रत्येक केबल पेटीत शिरण्याआधी सहा इंचांचा झोळ खाली सोडा. पाणी केबलवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळाशी थेंबाने टपकून जातं. झोळ नसला तर तोच थेंब ग्लँडमधून आत. रस्ता ओलांडणारी केबल गाड्यांना लागणार नाही इतकी वर, तणाव तारेवर बांधलेली, स्वतःच्या वजनावर लोंबणारी नाही. माळांचे जोड गोंदवाल्या हीट-श्रिंक नळीत घ्या.

---

विमानतळ_रोड

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डबाबंद सायलेंट इन्व्हर्टर जनरेटर भाड्याने घ्यावा. तो पावसात उघड्यावर चालतो.

---

पन्हळी_पत्रा

आवाज कमी आणि वीज स्वच्छ, हे खरं, माइकलाही बरा. पण डब्याच्या जाळ्या हवेसाठीच असतात, पाणी अडवण्यासाठी नाहीत, आणि सॉकेटची पट्टी त्याच्याही बाहेरच असते. छप्पर, २० फूट आणि अर्थिंग त्यालाही तेवढंच लागतं.

---

कार्बोरेटर_साफ

पेट्रोलकडे कोणी बघितलं नाही, म्हणून थोडं लिहितो. पावसात मशीन बंद पडण्याचं नेहमीचं कारण टाकीत गेलेलं पाणी.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं आणि झाकणाभोवतीच्या खोलगट कडेत पाऊस साचतो. तापलेलं मशीन बंद केलं की टाकीतली हवा थंड होऊन आकसते आणि त्या भोकातून बाहेरचं ओढते. तिथे पाण्याचं कडं साचलेलं असेल तर तेच आत जातं. म्हणून बंद केल्याबरोबर फडक्याने झाकणाची कड कोरडी करा आणि पेट्रोल भरताना झाकण उघडण्याआधी पुन्हा पुसा. भरायचं तेही मशीन बंद करून १५-२० मिनिटं थंड झाल्यावर, छपराखाली, कॅन १० फूट लांब ठेवून. टाकी गळ्यापर्यंत भरू नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर होऊन टाकीच्या तळाशी बसतो. कॉक तळालाच, मग कार्बोरेटरमध्ये पहिला तोच थर जातो आणि इंजिन दोन-तीन ठोके देऊन थांबतं. पारदर्शक बाटलीत कॉकमधून १०० मिली काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर किंवा दुधाळ गढूळपणा दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू उघडून वाटीही. कॅनमध्ये महिनाभर पडलेलं पेट्रोल उत्सवात वापरू नका. विसर्जनानंतर कॉक बंद करून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवा, वाटी कोरडी होते.

एअर फिल्टरचा स्पंज भिजला की काळा धूर येतो आणि इंजिन लोड घेत नाही. तो साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचा, मग चार थेंब इंजिन ऑइल टाकून मुठीत दाबून घ्यायचा. मुठीला तेल लागून ठिबकलं नाही की बरोबर. प्लगच्या रबरी टोपीत चिमूटभर सिलिकॉन ग्रीस.

रोज दोन-दोन मिनिटं चालवून बंद करू नका. थंड सायलेन्सरमध्ये वाफेचं पाणी धरतं आणि आतून गंजतो. लाइट गेली नाही तरी एक दिवसाआड २० मिनिटं अर्ध्या लोडवर चालवा. बंद केल्यावर पाऊणेक तासाने, सायलेन्सरला हात लावता आला की ताडपत्री घाला, खालून सहा इंच उघडी ठेवून. गरम मशीनवर घातलीत तर ओट्यावरची ओल वाफ होऊन अल्टरनेटरच्या तारांवरच बसते.

---

दांडियाबाजार_मंडळ

सगळं लिहून घेतलं. एकच राहिलं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिमी पाऊस झाला होता आणि ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. तसं पाणी १ फुटाच्या ओट्यावर चढलं आणि मशीन बुडालं तर?

---

वायरमनकाका

पाणी ओट्याच्या निम्म्यावर आलं की वाट बघू नका. लोड बंद, इंजिन बंद, चेंजओव्हर मधल्या बंद जागेवर, केबल काढली आणि दोघांनी मशीन उचलून वर नेलं. ४०-४५ किलो असतं. पाण्यात उभं राहून चालू मशीनचा प्लग कोणी काढायचा नाही.

बुडालंच, तर दोरी ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, मग दोरी सावकाश ओढा, पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडेल. तेल पूर्ण काढा, दुधाळ रंगाचं असेलच. या आकाराच्या इंजिनात साधारण ६०० मिली बसतं. स्वच्छ तेल भरून दहा मिनिटं चालवून पुन्हा बदलायचं, एकदा बदलून पाणी निघत नाही. टाकी, कार्बोरेटर, फिल्टर वर कार्बोरेटर_साफ यांनी सांगितलं तसंच.

पण ती दहा मिनिटंही अल्टरनेटर वाळल्यानंतरच. त्याचं मागचं झाकण काढा. चिखल असेल तर तो वाळायच्या आधीच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, कारण पुराच्या गाळात क्षार असतात आणि ते तारांवर राहिले तर पुढच्या दमट हवेत पुन्हा करंट गळतो. मग पंख्याच्या वाऱ्यावर दोन दिवस, किंवा आत १०० वॉटचा बल्ब सोडून वर कापड झाकून एक दिवस. ब्रश काढून स्लिप-रिंग बारीक पॉलिश पेपरने साफ करा. रिंगवर गंज राहिला की इंजिन चालतं पण व्होल्टेज शून्य येतं.

यानंतर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र. मेगर लावण्याआधी एव्हीआरची जोडणी काढायची, न्यूट्रलचा अर्थचा जोडही काढायचा, नाहीतर एव्हीआर जळेल आणि रीडिंग शून्यच दिसेल. वाइंडिंग ते चौकट निदान १ मेगाओहम पाहिजे. कमी आलं तर आणखी वाळवा, घाईत चालू करू नका. १ च्या वर आलं की जोड परत लावा, बिनलोडचं चालवून व्होल्टेज बघा, मग एकच १०० वॉटचा बल्ब लावून अर्धा तास. तेवढ्या वेळात अल्टरनेटरच्या फटींतून वाफ येणं थांबलं आणि बल्ब फडफडला नाही, तर १५ वॉटच्या बल्बची अर्थची तपासणी परत करून मगच मांडवाची केबल लावा.